पोरांना घेऊन मसाई मारा : कोल्हापुरातून जाताना काय काय करायचं

आम्ही पाच जण, म्हणजे मी, हे, नऊ वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई, ऑगस्टमध्ये केनियाला, तिथल्या मसाई मारा अभयारण्यात जाऊन आलो. आल्यापासून गल्लीत, शाळेच्या ग्रुपवर सगळीकडं तेच विचारतायत, कसं ठरवलं, पोरं कंटाळली नाहीत का, आईंना झेपलं का. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

पहिली गोष्ट, पार्क कमी करा आणि एका जागी रात्री वाढवा. आम्हाला पहिला प्लॅन मिळाला होता तो सात दिवसांत चार पार्कचा. कागदावर भारी दिसतो, पण हिशेब केला तर जवळजवळ रोज पाच-सहा तास गाडीत, आणि माराकडं जाणारा शेवटचा टप्पा तर काही ठिकाणी आपल्या आडरानातल्या कच्च्या रस्त्यासारखा, अंग खिळखिळं होतं. आम्ही तो प्लॅन नको म्हटलं आणि नैवाशाला एक रात्र, मारात चार रात्री असं करून घेतलं. नैवाशा नैरोबीवरून माराला जाताना वाटेवरच पडतं, तिथं तळ्यात बोटीतून पाणघोडे बघायला मिळतात, पोरांचा पहिला दिवस मस्त जातो.

कधी जायचं हा मोठा प्रश्न, कारण आपली शाळेची सुट्टी मेमध्ये आणि तिकडं मार्च ते मे मोठा पाऊस. तेव्हा स्वस्त पडतं खरं, पण गाड्या चिखलात रुततात. दिवाळीत गेलात तर नोव्हेंबरचा छोटा पाऊस, दुपारनंतर एखादी सर, ते चालतं. विल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे, लाखोंचे कळप शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून येऊन मारा नदी ओलांडतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर, ते बघायचंच असेल तर शाळा बुडवावी लागते, आम्ही बुडवली. पण तेव्हा पार्कची फीपण दुप्पट असते, २०२४ पासून परदेशी मोठ्या माणसाला दिवसाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. कोटेशन आलं की ही फी धरलीय का नाही हे आधी विचारा, पुढं जाऊन त्यावरून वाद नको. सिंह, हत्ती, जिराफ काय वर्षभर तिथंच असतात, त्यामुळं नदीचा हट्ट नसेल तर जानेवारी-फेब्रुवारीत पण छान होतं.

कागदपत्रं. केनियाला आता व्हिसा नाही, जानेवारी २०२४ पासून ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी आहे, घरबसल्या निघतो, पोरांचा पण वेगळा काढायचा. आणि यलो फीवरची लस! ही टाळू नका, कारण परत येताना आपल्याकडंच लस घेतल्याचं पिवळं कार्ड बघतात, नसेल तर सहा दिवस वेगळं ठेवू शकतात. ही लस साध्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य सेंटरवरच घ्यावी लागते, आम्ही मुंबईला जाऊन घेतली. कार्ड लागू होतं दहा दिवसांनी, तेवढे दिवस हाताशी ठेवूनच तारीख ठरवा. साठीच्या पुढच्यांना आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांना डॉक्टर विचार करूनच देतात, म्हणून घरात आजी-आजोबा येणार असतील तर आधी डॉक्टर आणि मग तिकीट. मलेरियाच्या गोळ्यांचं पण तेव्हाच विचारून घ्या, पोरांचा डोस वजनावर असतो.

गाडी स्वतःचीच घ्या, शेअरिंगची नको. यात पैसे वाचवू नका, बाकी कुठंही वाचवा. लँड क्रूझर, वरचं छप्पर उघडणारी. सहा वर्षांच्या पोरीला शू लागली, भूक लागली, झोप आली, तर अनोळखी माणसांसोबत तुमचाच जीव खालीवर होतो. शिवाय थांबायचं किती हे आपल्या हातात राहतं, त्याचं काय मोल आहे ते सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमाराला एका वारुळावर चित्त्याची मादी बसलेली, खाली तीन पिल्लं, पाठीवर राखाडी केसांची झालर असलेली. चार गाड्या होत्या. मग रेडिओवर कुठंतरी सिंह दिसल्याचं आलं आणि बाकीच्या तिन्ही गाड्या धुरळा उडवत गेल्या. आमच्या ड्रायव्हर काकांनी विचारलं, जायचं का? आम्ही नाही म्हटलं. इंजिन बंद. तासभर बसलो. एक पिल्लू आईची शेपटी पकडायचं, ती शेपटी हळूच उचलायची, ते धपकन पडायचं, परत तेच. पोरगी कुजबुजली, आई, तिच्या डोळ्यातनं काळं पाणी आलंय. डोळ्यापासून तोंडापर्यंतची ती काळी रेघ, चित्ता आणि बिबट्या ओळखायची खूणच ती, आणि ती तिला कुणी न सांगता दिसली. आपल्या संस्थानात पूर्वी आफ्रिकेतून चित्ते आणून त्यांच्याकडून काळविटाची शिकार करवायचे, हे मी लहानपणापासून ऐकत आलेली, पण मोकळा चित्ता बघताना घशात काहीतरी दाटून आलं. गाडी अजून जवळ घ्या म्हणून ड्रायव्हरच्या मागं लागू नका. चित्ता दिवसा शिकार करतो, गाड्यांनी घेरलं की त्याची शिकार हुकते आणि पिल्लं उपाशी राहतात.

कपडे. आफ्रिका म्हणजे गरम असं समजून जाऊ नका, मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, सकाळी सहाला उघड्या गाडीत हुडहुडी भरते. स्वेटर, कानटोपी घ्याच, आणि धुळीसाठी प्रत्येकाला एक सुती रुमाल. गडद निळा-काळा रंग टाळा, त्सेत्से माश्या त्यावर येतात, आणि मिलिटरी डिझाइनचे कपडे तर अजिबात नकोत. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिकडं २०१७ पासून बंदी आहे, म्हणून चटण्या, भडंग सगळं डब्यात किंवा कापडी पिशवीत भरा. छोट्या विमानानं माराला जाणार असाल तर सामान माणशी साधारण १५ किलोच आणि बॅग मऊ पाहिजे. पिन तीन चौकोनी खिळ्यांची, तो ॲडॅप्टर इथूनच घ्या. दुर्बीण दोन घ्या, एकीवरून भांडणं होतात.

खाण्याची काळजी करू नका. तिकडं चपातीला चपातीच म्हणतात, आणि उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकडच, आईंनी लसणाच्या चटणीसोबत आवडीनं खाल्ली. तांबडा-पांढरा नाही मिळणार, तेवढं चार दिवस सोसायचं.

पोरांना जायच्या आधी स्वाहिलीतली नावं शिकवा, सिंबा सिंह, ट्विगा जिराफ, दुमा चित्ता, किफारू गेंडा. ड्रायव्हर काकांशी त्यांची लगेच गट्टी जमते, मग ते पोरांना मुद्दाम जास्त दाखवतात. दुपारची सफारी एखादा दिवस सोडा, कँपवर झोपू दे त्यांना. आणि परतीच्या विमानात पिवळी कार्डं चेक-इनच्या बॅगेत नको, हातातल्या पर्समध्ये, पाचच्या पाच मोजून.