बारावीचा बदललेला अभ्यासक्रम : जुन्या वह्या, नवे धडे आणि तयारीची फेरमांडणी

अभ्यासक्रम बदलला की घरात पहिला प्रश्न हमखास विचारला जातो तो 'काय कमी झालं?' हाच. ठाण्यात अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवताना दर जूनमध्ये पालकांकडून मला तो ऐकू येतो, आणि दर वेळी मी त्यांना 'कोणतं प्रकरण कुठं गेलं?' हे आधी शोधायला सांगते. वगळलेल्या भागामुळे फारसे कोणाचे गुण जात नाहीत. गुण जातात ते जागा बदललेल्या भागामुळे, कारण तो आपला झालेला आहे असे वाटत राहते, किंवा तो आपल्या वर्षाचा नाहीच अशी समजूत होऊन बसते.

राज्य मंडळाचा सुधारित अभ्यासक्रम अकरावीला २०१९-२० पासून आणि बारावीला २०२०-२१ पासून लागू झाला. त्याआधी गुरुत्वाकर्षण, स्थितिस्थापकता आणि संदेशवहन हे बारावीच्या भौतिकशास्त्रातले धडे होते. ते अकरावीत गेले. गणितातील वर्तुळ आणि शांकव यांचेही तसेच झाले. उलट ऊष्मागतिकी बारावीच्या भौतिकशास्त्रात स्वतंत्र प्रकरण म्हणून आली. धड्यांची संख्या वीसवरून सोळावर आल्यामुळे भार हलका झाला असे वरवर पाहणाऱ्याला वाटते, पण काही धडे एकमेकांत मिसळले गेले आहेत आणि नेमकी तिथेच फसगत होते.

कळव्याहून येणारी माझी एक विद्यार्थिनी मावसबहिणीच्या २०१९ सालच्या वह्या घेऊन आली होती. सुरेख अक्षर, लाल पेनाने चौकटीत घेतलेली सूत्रे, केशनळीत पाणी किती चढते त्याची पायरीपायरीने मांडलेली सिद्धता. जुन्या पुस्तकात पृष्ठताण हा स्वतंत्र धडा होता. नव्या पुस्तकात तो द्रायूंच्या यांत्रिक गुणधर्मांच्या, म्हणजे मुलांच्या भाषेत फ्लुइड्सच्या, धड्याचा एक भाग आहे. तिने वहीतला पृष्ठताण पाठ केला आणि फ्लुइड्ससमोर बरोबरची खूण करून ती पुढे गेली. पास्कलचा नियम, श्यानता, स्टोक्सचा नियम आणि बर्नुलीचे समीकरण तिने उघडूनही पाहिले नव्हते, आणि ते लक्षात आले थेट जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेत. वहीतली एकही ओळ चुकीची नव्हती, म्हणूनच शंका यायला जागा उरली नाही.

म्हणून वेळापत्रक आखण्यापूर्वी प्रत्येक विषयासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी. बालभारतीच्या संकेतस्थळावर चालू वर्षाची पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात; ती उघडून अनुक्रमणिका समोर ठेवावी. फुलस्केप कागदावर चार रकाने आखावेत : तसेच राहिलेले, सरकलेले, नव्याने आलेले आणि गेलेले. तुलना धड्यांच्या नावांची न करता धड्याच्या आतील उपघटकांची करावी, कारण नाव तेच राहून आतला मजकूर बदललेला असू शकतो. जुन्या वह्या, क्लासच्या छापील नोट्स आणि मोठ्या भावंडांची गाइडे या कागदावरून तपासून घ्यावीत, आणि ज्या पानांचा उपयोग आहे तेवढ्यांवरच चिकटपट्टी लावावी. तयार झालेला कागद विषयशिक्षकांना एकदा दाखवावा. त्यांची दहा मिनिटे आपले दोन महिने वाचवतात.

सरकलेल्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. बारावीच्या मंडळाच्या प्रश्नपत्रिकेत अकरावीचे धडे येत नाहीत, पण अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राच्या सीईटीत, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, सुमारे २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो. अकरावीतली निवडक प्रकरणेच त्यात घेतली जातात आणि गुरुत्वाकर्षण व वर्तुळ ही त्यांपैकीच आहेत. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे असल्यामुळे अकरावीची वही रद्दीत घालणे परवडत नाही. सीईटी कक्षाची त्या वर्षाची यादी पाहून तेवढे धडे दिवाळीच्या सुट्टीत उजळून घ्यावेत.

वैद्यकीय प्रवेशासाठीची 'नीट' परीक्षा देणाऱ्यांना दोन स्वतंत्र कागद करावे लागतात. नीटच्या अभ्यासक्रमातून २०२४ पासून वनस्पतींमधील वहन आणि खनिज पोषण हे भाग वगळले गेले, परंतु राज्य मंडळाच्या जीवशास्त्रात वनस्पती आणि पाणी यांच्या संबंधावर पूर्ण प्रकरण आहे. क्लासमध्ये 'हे आता नाही' असे सांगितले गेले, तर ते कोणत्या परीक्षेपुरते, हे तिथल्या तिथे विचारून घ्यावे.

नव्या धड्यांचा अभ्यास शेवटी ढकलू नये, असे मी आग्रहाने सांगते. त्यांच्यावर आधीच्या वर्षांचे प्रश्न थोडे असतात, त्यामुळे पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायातील प्रत्येक प्रश्न सोडवणे हीच खरी तयारी ठरते, आणि त्याला जून-जुलैतला निवांत वेळ लागतो. ऊष्मागतिकीत आणखी एक अडचण आहे : तोच पहिला नियम रसायनशास्त्रातही शिकवला जातो, पण चिन्हांचा संकेत वेगळा असतो. भौतिकशास्त्रात वायूने केलेले कार्य धन धरतात, म्हणून आंतरिक ऊर्जेतील बदल म्हणजे दिलेल्या ऊष्णतेतून कार्य वजा. रसायनशास्त्रात वायूवर केलेले कार्य धन धरतात, म्हणून तिथे बेरीज येते. दोन्ही वह्यांच्या पहिल्याच पानावर हा संकेत ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. हुशार मुलांचीही गणिते इथे उलट चिन्हाने सुटलेली मी पाहिली आहेत.

जुन्या प्रश्नपत्रिका वर्ष पाहूनच घ्याव्यात. मार्च २०२० ची परीक्षा जुन्या अभ्यासक्रमावर झाली, २०२१ ची लेखी परीक्षा रद्द झाली आणि २०२२ ची २५ टक्के कमी केलेल्या अभ्यासक्रमावर झाली. म्हणजे संपूर्ण सुधारित अभ्यासक्रमावरच्या प्रश्नपत्रिका २०२३ पासूनच्या. त्यांत पुरवणी परीक्षेच्याही मिळवाव्यात. भौतिकशास्त्राच्या ७० गुणांच्या लेखी परीक्षेत १० गुण बहुपर्यायी आणि ८ गुण एका वाक्याच्या प्रश्नांना आहेत, दोन व तीन गुणांचे प्रत्येकी आठ प्रश्न सोडवायचे असतात आणि चार गुणांचे तीन. लहान प्रश्नांनाच एवढे वजन असताना फक्त मोठ्या सिद्धता पाठ करून भागत नाही. २०२० पूर्वीच्या प्रश्नपत्रिकांतील गणिते सरावाला चालतात, मात्र तीन तासांचा सराव त्यांच्यावर करू नये.

वेळेचा हिशेबही बदलला आहे. २०२४ मध्ये लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली, तर २०२५ मध्ये ११ फेब्रुवारीला, आणि प्रात्यक्षिके त्याआधीच उरकली गेली. नवे वाचन डिसेंबरअखेर संपलेच पाहिजे. ऐरोली-घणसोलीहून ट्रान्स हार्बरने ठाण्याला येणाऱ्या मुलांनी गाडीतला वेळ सूत्रांच्या उजळणीला द्यावा. नवा धडा त्या गर्दीत डोक्यात शिरत नाही.

वगळलेल्या भागाबद्दल शंका राहिलीच तर महाविद्यालयामार्फत मंडळाच्या वाशी येथील मुंबई विभागीय कार्यालयाकडे विचारणा करता येते. मोबाइलवर फिरत येणाऱ्या याद्यांवर मात्र विसंबू नये. करोनाकाळातील कपातीची यादी अजूनही पालकांच्या गटांत फिरताना मला दिसते, आणि ती पाहून मुले चालू वर्षाचे धडे सोडून देतात. यादीवर शैक्षणिक वर्ष छापलेले असते. ते आधी वाचावे, मंडळाच्या संकेतस्थळावर तेच परिपत्रक सापडते का ते पाहावे, आणि मगच पुस्तकातल्या एखाद्या धड्यावर काट मारावी.