पुढचा शॉकअप उघडताय? ऑइल मोजण्यापासून ॲक्सल आवळण्यापर्यंत या चुका टाळा

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर दोन पावसाळे काढलेल्या मोटरसायकलचा पुढचा शॉकअप कधी ना कधी उघडावा लागतोच. काम फार अवघड नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्येही होतं. पण काम उरकल्यावर ‘आधी होती तीच बरी होती’ म्हणणारेही बरेच भेटतात. त्यांच्या गाडीत दोष बहुधा नव्या स्प्रिंगचा नसतो, मोजमापाचा आणि जोडणीचा असतो. (हे सगळं साध्या टेलिस्कोपिक फोर्कबद्दल, म्हणजे नळीत नळी सरकणाऱ्या पुढच्या शॉकअपच्या जोडीबद्दल. त्यातली एकेक बाजू म्हणजे फोर्कचा एकेक पाय. उलट्या, म्हणजे यूएसडी फोर्कला वेगळी अवजारं लागतात. तो घरी उघडू नका.)

आधी स्प्रिंग खरंच गेलीय का ते बघा. जुनी स्प्रिंग काढून सरळ ठेवा आणि टेपने लांबी मोजा. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किमान लांबी दिलेली असते. त्याच्या वर असेल तर स्प्रिंगचे पैसे वाचवा. नुसतं ताजं ऑइल आणि सील टाकूनही गाडी ओळखू येत नाही. नवी घ्यायचीच तर जोडीने घ्या आणि सोबत आलेला स्पेसर (स्प्रिंगवर बसणारा नळीचा तुकडा) कापायचा आहे का ते वाचा. कापायचा असून न कापता बसवला की प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचाच दाब, वाढतो आणि पुढचं चाक खड्ड्यात उतरायच्या ऐवजी वरून उडतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ऑइलमध्ये. मॅन्युअलमधला मि.लि.चा आकडा पूर्ण सुट्या, कोरड्या फोर्कचा असू शकतो. फोर्क नुसता उलटा करून जुनं ऑइल काढलं तर थोडं आत राहतंच. त्यावर पूर्ण आकडा ओतला की पातळी वर जाते, वरची हवा कमी उरते, शेवटच्या टप्प्यात फोर्क दगडासारखा होतो आणि दाब सीलवर येतो. म्हणून मि.लि.वर न थांबता पातळी मोजा: स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, पाइप (फोर्कची क्रोमची नळी) उभा, आणि पाइपाच्या वरच्या कडेपासून ऑइलपर्यंतचं अंतर मि.मी.मध्ये. मोजण्याआधी पाइप सावकाश वरखाली करून आतली हवा काढा. हाताला दोन्ही दिशांना सारखा अडथळा लागेपर्यंत. पाइपाचा आतला व्यास ३३ मि.मी. धरला तर पातळीतला १० मि.मी.चा फरक म्हणजे जेमतेम साडेआठ मि.लि. ऑइल. दोन्ही पायांत एवढासा फरक राहिला तरी ब्रेक मारल्यावर दोन्ही बाजूंचा जोर सारखा राहत नाही. सिरिंजला बारीक नळी लावा, टोकापासून मॅन्युअलमधल्या अंतरावर नळीला खूण करा, खूण पाइपाच्या कडेशी धरा आणि ऑइल येणं थांबेपर्यंत ओढून घ्या, काम झालं.

ऑइलच्या ग्रेडच्या, म्हणजे जाडीच्या आकड्याच्या बाबतीत एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. एका कंपनीचं १०डब्ल्यू आणि दुसरीचं १०डब्ल्यू सारखंच जाड असेल असं नाही. दोन ब्रँड मिसळू नका. इंजिन ऑइलचा उरलेला डबा तर मुळीच नको.

आता सील. नवी सील टाकूनही आठवड्याभरात गळायला लागली तर पाइप तपासा. खाडीची दमट, खारी हवा आणि पावसाळ्यातला चिखल, दोन्ही क्रोमला खातात. पाइपावरून नख फिरवा. कुठे अडकलं तर तो गंजाचा खड्डा आहे आणि तिथे प्रत्येक वेळी नव्या सीलचा ओठ फाटणार. अशा पाइपाला बदलणं किंवा पुन्हा क्रोम करून घेणं हेच औषध. पाइप स्वच्छ असेल आणि गळती नुकतीच सुरू झाली असेल तर सील बदलायची घाई नको: डस्ट सील (वरची, धूळ अडवणारी) वर सरकवा, जुन्या एक्स-रे फिल्मची पातळ पट्टी कापून सीलच्या ओठाखाली फिरवा. बऱ्याचदा अडकलेली माती निघते आणि गळती थांबते. नवी सील घालताना पाइपाच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी ओढा आणि ऑइल लावा, म्हणजे धारेने ओठ कापत नाही.

गळती ॲक्सलच्या बाजूने, तळाशी दिसत असेल तर लगेच सीलला दोष देऊ नका. तळाच्या ॲलन बोल्टचा तांब्याचा वायसर बऱ्याचदा जुनाच वापरलेला असतो. हाच बोल्ट सोडताना आतला डॅम्पर रॉड सोबत फिरतो. म्हणून स्प्रिंग आत असतानाच फोर्क दाबून धरून तो ढिला करा.

वरच्या बोल्टचा क्रमही चुकतो. फोर्क गाडीतच असताना आधी वरच्या टीचा (हँडलजवळ दोन्ही पाइप धरणाऱ्या पट्टीचा) पिंच बोल्ट, म्हणजे पकड आवळणारा बोल्ट, ढिला करा, मग पाइपाच्या तोंडावरच्या कॅप बोल्टला पहिली ढील द्या. फोर्क बाहेर काढल्यावर शेवटचे आटे सोडताना तळहाताने दाबून धरा आणि तोंड बाजूला ठेवा; खाली दाबलेली स्प्रिंग आहे. डिस्क ब्रेकचा कॅलिपर होजवर (ब्रेकच्या नळीवर) लोंबकळत ठेवू नका, आणि चाक बाहेर असताना कोणी ब्रेक दाबला तरी पॅड एकमेकांना भिडू नयेत म्हणून मध्ये लाकडाची पट्टी घाला.

सगळं जोडलं आणि फोर्क अडकतोय? ऑइल पुन्हा काढायच्या आधी ॲक्सलचा पिंच बोल्ट ढिला करा. गाडी जमिनीवर घ्या, पुढचा ब्रेक धरून पाच-सहा वेळा दाबा, फोर्कचे दोन्ही पाय आपापली जागा घेतील, मग बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कवर आवळा.

आणि ब्रेक मारताना ‘कटकट’ वाजत असेल, तर ते फोर्कमधलंच असेल असं नाही. चाक उचलून फोर्कचे दोन्ही पाय पुढे-मागे हलवा. टीजवळ खेळ जाणवला तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बघा.