भाड्याच्या घरातली किरकोळ दुरुस्ती: या चुका टाळा

‘किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने (म्हणजे भाड्याने राहणाऱ्याने) स्वखर्चाने करावी’ हे वाक्य बहुतेक लीव्ह अँड लायसन्स करारांत असतं, आणि किरकोळ म्हणजे काय हे कुठेच लिहिलेलं नसतं. केंद्र सरकारने 2021 मध्ये राज्यांसाठी आदर्श भाडेकरू कायदा आणला. त्यातली वाटणी सही करण्यापूर्वी मालकासमोर ठेवायला सोयीची आहे: नळ, वायसर, तुंबलेलं ड्रेनेज, गिझर, स्विच, कुलपं, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे, भिंती-स्लॅब, रंग, पाइपलाइन आणि वायरिंग मालकाकडे. राज्याने स्वीकारल्याशिवाय हा कायदा लागू होत नाही, म्हणून ही वाटणी करारात लिहूनच घ्या.

सगळ्यात जास्त नासधूस नळावर होते. नळ गळायला लागला की लोक तो जोर लावून आवळतात. झिजलेलं वायसर त्याने आणखी चेपतं आणि शेवटी आतली बैठक खराब होते. मग काही रुपयांचं काम अख्ख्या नळावर जातं. आधी मेन कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, मगच पाना लावा. अर्ध्या फेरीत उघडणाऱ्या नव्या नळात वायसर नसतं, कार्ट्रिज (पाणी चालू-बंद करणारा आतला सुटा भाग) असतं. जुनं काढून तेच हार्डवेअरच्या दुकानात न्या, कारण प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. टेफ्लॉन टेप आटे ज्या दिशेने आवळले जातात त्याच दिशेने गुंडाळा, उलटी गुंडाळली की नळ बसवताना ती सुटून गोळा होते. आणि मेन कॉक फिरतो का, हे राहायला आल्याच दिवशी पाहा. वर्षानुवर्षं न हललेला कॉक पाणी उडत असताना हाताला दाद देत नाही. तो जाम असेल तर ते काम मालकाचं.

गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडे थेंब पडतात. पाणी प्रसरण पावतं, त्याला बाहेर पडायला वाट हवी असते. ते थेंब बंद करायला तिथे बूच किंवा एमसील लावू नका. टाकीतला वाढलेला दाब कुठेतरी बाहेर पडणारच आणि टाकी फुटू शकते. धार लागली असेल तर मेकॅनिक बोलवा. दोन हजार वॅटचा गिझर नऊ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, म्हणून अडॅप्टर लावून तो 6 अँपिअरच्या सॉकेटवर चालवायचा नाही.

एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) सतत पडते म्हणून मोठ्या अँपिअरची बसवणं ही तर जिवावरची चूक. एमसीबी वायरला वाचवते. ती मोठी केली की पडायचं थांबतं आणि भिंतीतली वायर तापू लागते. सगळे प्लग काढा, एमसीबी चढवा, एकेक उपकरण लावत जा. ज्याच्यावर पडते, ते दोषी. काहीच न लावता पडत असेल तर वायरिंग बघायला मालकाला सांगा.

मोरी तुंबली की थेट ॲसिड ओततात. आधी जाळी काढून नहाणी ट्रॅपमधले (जाळीखालच्या, पाणी साठवून वास अडवणाऱ्या भांड्यातले) केस हाताने काढा, बहुतेक वेळा तेवढंच असतं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच नको, क्लोरीन वायू तयार होतो, आणि आपल्याकडची बाथरूम छोटी आणि बंद असतात. गावाहून परतल्यावर वास येत असेल तर ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं. बादलीभर पाणी पुरतं.

वरच्या बाथरूममधून झिरपणाऱ्या ओलीवर डिपॉझिटच्या भीतीने स्वतः पुट्टी-रंग मारू नका. ओल आतून येत राहते, पोपडे महिन्याभरात परत सुटतात. फोटो काढून त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा, सोसायटीलाही प्रत द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 14 नुसार पंधरा दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा हक्क भाडेकरूला आहे, तोही वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. लीव्ह अँड लायसन्सवाले कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतात, म्हणून त्यांनी त्यावर विसंबून भाडं कापू नये. खर्चाआधी मालकाचा होकार मेसेजवर घ्यावा आणि बिल जपून ठेवावं.