घरकुल, बारव आणि बाग : मंजूर अनुदान अडकवणाऱ्या या चुका टाळा

मराठवाड्यात घरकुल, बारवांची (पायऱ्यांच्या जुन्या दगडी विहिरींची) दुरुस्ती आणि गावाची बाग अशी अनेक कामे निधीअभावी नव्हे, तर जागेची कागदपत्रे आणि जुन्या बांधकामाचे स्वरूप अर्जापूर्वी न तपासल्यामुळे रखडतात.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये सपाट प्रदेशासाठी १,२०,००० रुपये मिळतात आणि घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर असावे लागते. तरीही अनेक कुटुंबे ऐपतीपेक्षा मोठे जोते घालतात. पैसा तिथेच संपतो, पुढचा टप्पा पूर्ण होत नाही आणि हप्ता थांबतो. काळ्या मातीत पाया मुरुमापर्यंत नेण्याचा खर्च आधीच धरावा, कारण ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात. जागा नमुना आठ-अ च्या उताऱ्यावर अजून आजोबांच्याच नावे असेल, तर वारसनोंद प्रथम करून घ्यावी.

दौलताबादसारख्या गावात आणखी एक अडचण येते. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यातील २०१० च्या सुधारणेनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. घरकुल मंजूर झाले म्हणून ही अट सुटत नाही.

सर्वांत मोठे आणि भरून न येणारे नुकसान मात्र बारवांचे होते. परभणी जिल्ह्यातील वालूरसारख्या गावांनी हा ठेवा जपला आहे. पण दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात सवयीने सिमेंट लिहिले जाते. दगडांमधील चुन्याच्या दरजांतून (सांध्यांतून) भिंतीमागचा ओलावा बाहेर पडतो. सिमेंटने त्या बंद झाल्या की पाणी दगडातून वाट काढते, पृष्ठभागावर पांढरे क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून अंदाजपत्रकातच चुन्याचे काम स्पष्ट लिहून घ्यावे, गाळ काढण्यापूर्वी प्रत्येक बाजूची छायाचित्रे ठेवावीत, सुटलेल्या दगडांना क्रमांक द्यावेत आणि बारव संरक्षित असल्यास पुरातत्त्व विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही दगड हलवू नये.

गावाच्या बागेसाठी गायरान निवडताना ग्रामपंचायतीचा ठराव पुरेसा मानू नये. ती शासकीय जमीन असल्याने सक्षम महसूल अधिकाऱ्याचा आदेश लागतो. अंदाजपत्रकात कमान, बाके आणि पेव्हर ब्लॉक असतात, पण पाण्याचा स्रोत नसतो. एप्रिल-मे महिन्यांत गावालाच टँकर लागत असेल, तर हिरवळीचा हट्ट सोडून कडुनिंब, करंज आणि वड लावावेत आणि पहिल्या तीन उन्हाळ्यांत त्यांना पाणी कोण घालणार, हे ठरावातच लिहावे.