टर्की समजून टीबी सोडू नका

पुलाखाली, रुळांच्या कडेला नशेची सुई घेणाऱ्या पोरांमध्ये काम करायला जे नवीन आलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी मुंबईत बारा वर्षं हेच करतेय.

टीबी ओळखायचं ‘दोन आठवडे खोकला’ हे माप एचआयव्ही असलेल्याला लावायचं नाही. कितीही दिवसांचा खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, यातलं एक जरी असलं तरी तपासणी करायचीच. प्रत्येक भेटीत चारही विचारा, पण नुसत्या उत्तरावर विसंबू नका. ब्राउन शुगरनं खोकला दबतो. ‘खोकला नाही ताई’ म्हणणारा खोटं बोलत नसतो. घामाचं खापर तो टर्कीवर, म्हणजे नशा न मिळाल्यावर होणाऱ्या त्रासावर फोडतो. टर्कीत नाक गळतं, जांभया येतात, पोटात कळा येतात, आणि डोस मिळाला की सगळं थांबतं. डोस घेऊनही रात्री शर्ट भिजत असेल तर टीबीची शंका घ्या.

वजनकाटा जवळ नसला की मी कमरेचा पट्टा बघते. एका पोराच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं दिसली, कडा अजून पांढऱ्या होत्या. खोकला अजिबात नव्हता. मान चाचपली तर लिंबाएवढी गाठ, आणि टीबी त्या गाठीतच निघाला. म्हणून मान, काख बघाच.

थुंकीची डबी सकाळी द्या. आधी पाण्यानं चूळ भरायला सांगा, मग उघड्यावर, इतरांपासून लांब, छातीतून खोकून बेडका काढायला लावा. नुसती लाळ चालत नाही. सीबीनॅट, म्हणजे थुंकीतले टीबीचे जंतू शोधणारी मशीनवरची तपासणी, निगेटिव्ह आली तरी पाठ सोडू नका. सीडी४ (रोगाशी लढणाऱ्या पेशी) कमी असतील तर जंतू थुंकीत अनेकदा सापडत नाहीत, एक्स-रेही कधी साफ दिसतो. लक्षणं तशीच असतील तर परत डॉक्टरांपुढे उभं करा. आणि चिठ्ठी हातात देऊन पाठवू नका, स्वतः सोबत जा.

आता ज्यात मी स्वतः चुकले ते. आमचा एक जण ओएसटीवर, म्हणजे ब्राउन शुगरऐवजी डॉक्टर देतात त्या जिभेखालच्या ब्युप्रेनॉर्फिन गोळीवर, छान स्थिरावला होता. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि आठवड्याभरात म्हणाला, ‘ताई, जिभेखालची गोळी लागतच नाही.’ मला वाटलं, बहाणा करतोय. तो परत सुईवर गेला, टीबीच्या गोळ्याही सुटल्या. टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन शरीरातली ब्युप्रेनॉर्फिन लवकर संपवतं, हे मला नंतर कळलं. म्हणून टीबीचे उपचार सुरू होतील त्याच दिवशी ओएसटीच्या डॉक्टरांना सांगा, डोस तेच ठरवतील. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रालाही कळवा, कारण डोल्युटेग्राव्हिर ही एचआयव्हीची गोळी तेव्हा दिवसातून दोनदा घ्यावी लागते.

लघवी नारिंगी होईल, ते औषधाचं आहे, घाबरू नका म्हणावं. डोळे पिवळे, उलट्या, लघवी गडद चहासारखी, असं दिसलं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. सुई घेणाऱ्यांत हिपॅटायटिस सी पुष्कळ, यकृत आधीच थकलेलं असतं.

टीबीच्या रुग्णाला खाण्यापिण्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1000 रुपये मिळतात, पण बँक खातं लागतं. ते पहिल्याच आठवड्यात उघडून घ्या. एकाच प्लास्टिकखाली झोपणाऱ्या साथीदारांनाही तपासा. ज्यांना एचआयव्ही आहे पण टीबी नाही, त्यांच्यासाठी प्रतिबंधक गोळ्या एआरटी केंद्रात मागा.

टीबीचा कोर्स संपला की पुन्हा ओएसटीच्या डॉक्टरांकडे न्या. रिफाम्पिसिन थांबल्यावर वाढवलेला डोस जड पडू शकतो.