बोर्डो मिश्रण लोखंडी बादलीत नको

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या बागेत लिंबाची झाडं आहेत. ठाण्याच्या पावसात बुरशी लागू नये म्हणून त्यांच्यावर बोर्डो फवारतो. 1 टक्क्याच्या मिश्रणाला 1 लिटर पाण्यामागे 10 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 10 ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत भिजवून मगच एकत्र करायचं.

लोखंडी बादली मात्र अजिबात नको. क्रियाशीलता श्रेणीत, म्हणजे कोणता धातू किती चटकन अभिक्रिया करतो त्या क्रमवारीत, लोखंड तांब्याच्या वर आहे, त्यामुळे ते मोरचुदातल्या तांब्याला हुसकावून स्वतः द्रावणात उतरतं. बुरशी मारणारं तांबं बादलीलाच चिकटून बसतं आणि बादलीही झिजते. दहावीच्या प्रयोगशाळेत खिळ्यावर पाहिलेली विस्थापन अभिक्रिया ती हीच!

तिचाच उपयोग तपासणीला होतो, आणि हे मला फार आवडतं. घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा तयार मिश्रणात मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला, तर तांबं अजून मोकळं आहे. अशाने पानं करपतात. चुन्याची निवळी थोडीथोडी घालून पुन्हा खिळा बुडवा. खिळा स्वच्छ निघाला की हातमोजे घालून त्याच दिवशी फवारा, आणि आभाळ कोरडं बघून.