भाकरीच्या घरात भात शिकताना

सोलापुरात ताटात आधी भाकरी येते आणि भात शेवटी, आमटीशी कालवून खाण्यापुरता. त्यामुळे रोजचा भात लागतो एखाद्या वाटी तांदळाचा, आणि नवशिक्याची खरी पंचाईत इथेच होते. तांदूळ जितका कमी, तितकं पाणी चुकायची शक्यता जास्त. वाफ होऊन उडणारं पाणी तांदळाच्या मापावर ठरत नाही. भांड्याचं तोंड किती मोठं आणि ते गॅसवर किती वेळ राहिलं, यावर ठरतं. चार वाट्यांच्या भातातून अर्धी वाटी पाणी जास्त उडालं तर फारसं जाणवणार नाही, पण एका वाटीचा भात तेवढ्यानं कच्चट राहतो. म्हणून थोड्या भाताला लहान, जाड बुडाचं पातेलं आणि घट्ट बसणारं झाकण घ्या.

शिकायला जुना कोलम किंवा सोना मसुरी बरा. इंद्रायणी आणि आंबेमोहोर मुळातच चिकट; नीट शिजले तरी नवख्याला वाटतं की भात बिघडला. दुकानात ‘नवा की जुना’ हे आवर्जून विचारा, कारण पाण्याचं सगळं गणित त्यावर आहे. जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि मोकळा होतो. दिवाळीनंतर बाजारात येणारा नवा तांदूळ थोड्याच पाण्यात मऊ होतो. त्याला जुन्याचं पाणी घातलं की लगदा ठरलेला.

तांदूळ आणि पाणी एकाच वाटीनं मोजा. साधारण दीडशे मिलिलिटरच्या वाटीत सव्वाशे ग्रॅम तांदूळ बसतो आणि त्याचा तिप्पट भात होतो. भाकरी असेल तर दोघा-तिघांना पुरतो. तांदूळ निवडून दोन-तीन पाण्यांनी हलक्या हातानं धुवा. जोरात चोळला तर दाणे तुटतात आणि तुटलेल्या दाण्यांची पेज होऊन भात चिकटतो. मग वीस मिनिटं भिजवून निथळून घ्या. ही पायरी गाळू नये. भिजल्यामुळे दाण्याच्या मध्यापर्यंत आधीच ओल पोचते. नाहीतर बाहेरचा भाग फुटेपर्यंत शिजतो आणि आत कणी राहते.

कुकर हाताशी असला तरी पहिले काही दिवस भात पातेल्यात करा. कुकरमध्ये काय चाललंय ते दिसत नाही, पातेल्यात सगळं डोळ्यांसमोर घडतं. एक वाटी जुन्या भिजवलेल्या तांदळाला सव्वादोन वाट्या, नव्याला पावणेदोन वाट्या पाण्याचं आधण ठेवा. चवीपुरतं मीठ आणि अर्धा चमचा तेल घाला. तेलानं फेस कमी येतो. पाणी खळखळलं की तांदूळ वैरा, बुडापासून एकदाच ढवळा आणि उलथनं बाजूला ठेवून द्या. दाणे फुगायला लागल्यावर ढवळत राहिलं तर ते मोडतात, आतला स्टार्च पाण्यात उतरतो आणि भात गिच्च होतो.

आता नुसतं बघा. पाच-सात मिनिटांत पाणी तांदळाच्या पातळीला येतं. वरचे बुडबुडे बसतात आणि भातात बारीक भोकं पडतात, त्यातून वाफ फुसफुसते. हा क्षण घड्याळापेक्षा भरवशाचा. लगेच गॅस अगदी बारीक करा, झाकण ठेवा आणि आठ ते दहा मिनिटं उघडू नका. मग गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं वाफ मुरू द्या. या वेळात वरची आणि खालची ओल सारखी होते. घाईनं उपसलेला भात वर कोरडा आणि खाली ओला निघतो, तो यामुळेच.

एक शीत चिमटीत दाबा. पूर्ण चिरडलं तर भात झाला. मध्ये पांढरा कडक ठिपका लागला तर कणी आहे: दोन-तीन चमचे गरम पाणी शिंपडून मंद आचेवर तीन-चार मिनिटं ठेवा. भात ओलसर झाला तर झाकण काढून मंद आचेवर दोन मिनिटं ठेवा आणि परातीत पसरा. खाली लागला तर खरवडू नका, वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. पातळ पातेलं असेल तर झाकण ठेवताना खाली तवा सरकवा.

बोअरच्या जड पाण्यात भात पिवळट होतो आणि आमटीची डाळही लवकर शिजत नाही. आधणात लिंबाचे चार-पाच थेंब टाकले की भात पांढरा राहतो. प्यायचं पाणी वापरलंत तर उत्तमच.

हात बसला की कुकर. आतल्या भांड्यातून पाणी उडत नाही, म्हणून जुन्याला दोन, नव्याला दीड वाटी पुरे. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. डाळ खाली, भात वर, तळाशी दोन बोटं पाणी, तीन शिट्ट्या. कुकर आपोआप पडू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर आतलं पाणी एकदम उसळतं, पेज बाहेर येते आणि दाणे फुटतात.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत होतो तसा पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, करायचा असेल तर पाणी पाव वाटी कमी घ्या. भात परातीत पसरून, चमचाभर तेल लावून पूर्ण निवू द्या आणि मगच चिंचेचा कोळ घालून कालवा. गरम असताना कालवलं तर शितं मोडतात.

उरलेल्या भाताबाबत हयगय नको. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो. भात शिजवला तरी काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात आणि उबेत वाढून विष तयार करतात. ते पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून पसरट डब्यात काढून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ओल्या हातानं गाठी मोडा, फोडणीत परता आणि शेंगाचटणी गॅस बंद केल्यावर घाला. आधी घातली तर ती करपते.